दौड, डबा आणि खर्रा

पहाटेचे साडेचार. गडचिरोलीहून चामोर्शी, आरमोरी, धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर या वेळी ट्रकच्या उजेडात आधी पळणारे पाय दिसतात, चेहरे मागाहून. टी-शर्ट, अर्धी चड्डी, कुणाच्या पायात बूट तर कुणाच्या साध्या कॅनव्हासच्या जोड्या. मुली तीन-चारच्या घोळक्यानं धावतात. त्यांतल्या कुणाचा भाऊ किंवा बाप दुचाकी हळूहळू मागून आणत असतो. काय चाललंय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भरतीची तयारी करून राहिलो."

पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं, मुलींना 800. शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे 50 गुण, लेखीचे 100. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना 5 किलोमीटर आणि मुलींना 3 किलोमीटर. गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांत बीए-बीएस्सीला नाव घातलेल्या असंख्य मुलामुलींच्या आयुष्यातला व्यायाम तो हाच. फिटनेस, सिक्स पॅक, मनःशांती वगैरे शब्द इथे फारसे ऐकू येत नाहीत. धावायचं ते सेकंदांसाठी.

धावायचं कुठे, हा मात्र रोजचा प्रश्न. गावाबाहेरच्या झुडपी जंगलाकडेनं मऊ पायवाट असते, पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल आणि वैनगंगेपलीकडच्या वडसा-आरमोरी पट्ट्यात त्या पायवाटेवर वाघाचाही हक्क असतो. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर येतात. तिथे वाघ नसला तरी ट्रक असतात. 7 ऑगस्ट 2025 च्या सकाळी आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकनं उडवलं. चौघांचा जीव गेला.

करोनानंतर विद्यार्थ्यांच्या ताणावर आणि निरोगी जीवनशैलीवर परिसंवाद पुष्कळ झाले. त्यांतला सल्ला सगळीकडे सारखाच असतो: वेळेवर झोपा, चांगलं खा, व्यायाम करा, व्यसन टाळा. चंद्रपूर-गडचिरोलीत या चारही वाक्यांपुढे लगेच प्रश्न उभे राहतात. कुठे, किती वाजता, कुणाच्या पैशानं? महामारीच्या दोन वर्षांत या प्रश्नांची जी काही तोकडी उत्तरं होती, तीही एकेक करून हातची गेली.

वसतिगृहाला कुलूप

गोंडवाना विद्यापीठ 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आणि दोनशेहून अधिक कॉलेजं त्याच्या कक्षेत येतात. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल आहे. रेल्वे म्हणावी तर वडशाचं एक स्टेशन. भामरागड जिल्ह्याच्या मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचा त्याहून लांब. अशा जिल्ह्यात कॉलेजला जाणं म्हणजे बहुतेकांसाठी घर सोडणं: आदिवासी विकास विभागाच्या किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळवणं, नाहीतर चौघांत एक खोली भाड्यानं घेणं.

मार्च 2020 च्या मध्यावर कॉलेजं बंद झाली, वसतिगृहं रिकामी करायला सांगितलं गेलं आणि 25 तारखेपासून देश बंद झाला. अनेकांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. पुस्तकं पेटीत तशीच राहिली. त्यानंतर कॉलेजची दारं फेब्रुवारी 2021 मध्ये जेमतेम किलकिली झाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि नीट उघडली ती 20 ऑक्टोबर 2021 ला.

घरी पोचलेल्या मुलांसमोर मोहाचा हंगाम होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, ती उजाडायच्या सुमारास वेचावी लागतात. मे लागला की तेंदूपानं. सकाळी पानं तोडायची, दुपारी घरात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. जुलैत रोवणी. हे काम पोरांना नवं नव्हतं. नवं होतं ते हे, की यंदा त्याला परत जाण्याची तारीख नव्हती.

त्यात घरचे मोठे घरी असतीलच असंही नव्हतं. दरवर्षी फेब्रुवारीनंतर या दोन जिल्ह्यांतून हजारो माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. टाळेबंदीत ती तिकडेच अडकली. कुणी नदी ओलांडून, कुणी जंगलातून चालत परतलं आणि गावाबाहेरच्या शाळेत विलगीकरणात राहिलं. एकवीस वर्षांच्या पोरीला त्या दिवसांत घरचा स्वयंपाक, धाकट्या भावंडांची जबाबदारी, आईबापांची काळजी आणि शेवटच्या सेमिस्टरचं काय होणार ही धाकधूक, सगळं एकदम सांभाळावं लागलं.

गंमत अशी, की रोगाचा आकडा तेव्हा इथे शून्य होता. मे 2020 च्या मध्यापर्यंत गडचिरोलीत एकही बाधित सापडला नव्हता. ताण मात्र रोगाच्या कितीतरी आधी येऊन पोचला होता.

रेंज असलेली जागा

सर्वेक्षणाचा एक आकडा महामारीच्या काळात पुन्हा पुन्हा समोर येत होता. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरं 14.9 टक्के आणि संगणक असलेली 4.4 टक्के. हा देशाचा आकडा, आणि त्यात मोठ्या रस्त्यालगतची, शहराला चिकटलेली गावंही आली. एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोऱ्याच्या आतल्या गावांचा विचार वेगळाच करावा लागतो.

तिथे रेंज गावावर पसरलेली नसते, ती एखाद्या जागेला असते. टेकडीचा माथा, पाण्याच्या टाकीचा जिना, नाल्यापलीकडचं विशिष्ट झाड, शेतातली मचाण. गावातल्या सगळ्यांना ती जागा ठाऊक असते. ऑनलाइन तासांच्या काळात अनेक गावांत ती जागाच वर्ग झाली. पण पावसात तिथे बसता येत नाही, अंधार पडल्यावर थांबता येत नाही आणि मुलीला एकटीला तिकडे पाठवायला घरचे तयार नसतात. घरात मोबाइल एकच असेल तर तो भावाच्या खिशात असतो. एकाच वर्गातल्या मुलगा-मुलीचं शिक्षण त्या दोन वर्षांत इतकं वेगळं का झालं, याचं बरंचसं उत्तर रेंजच्या त्या जागेपर्यंतच्या वाटेवर सापडतं.

परीक्षेची अनिश्चितता याच्याही वरताण होती. राज्य सरकार म्हणत होतं, अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत. विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै 2020 मध्ये सांगितलं, घ्याव्याच लागतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, फार तर राज्यांना तारीख पुढे मागून घेता येईल, असा निकाल 28 ऑगस्टला लागला. ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या, मुख्यतः मोबाइलवर सोडवायच्या परीक्षा घेतल्या.

न्यायालयाचा निकाल लागला त्याच आठवड्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडून वैनगंगेला महापूर आला होता. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या काठची गावं पाण्यात होती, धानाच्या बांध्या गाळानं भरल्या होत्या. तिकडे भामरागडला पर्लकोटा नदीवरचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि तो गेला की तालुका तुटतो. परीक्षा होणार का, कधी, कशी, हे दिल्ली-मुंबईत ठरत असताना इथला परीक्षार्थी घरातलं ओलं धान्य वाळवत होता.

'टेन्शन' कुठे दुखतं

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022 मध्ये सांगितलं, की महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. सर्वांत जास्त झळ तरुणांना आणि बायकांना बसली. देशात 2020 साली 12,526 आणि 2021 साली 13,089 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. 2021 च्या नोंदीत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती: 1,834.

या आकड्यांमागची माणसं दवाखान्यात 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत येत नाहीत. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन येतात. घरात याला 'टेन्शन' म्हणतात आणि ते घालवायचे घरगुती उपाय ठरलेले असतात: कामाला लाव, पुजाऱ्याकडे ने, मोबाइल काढून घे.

गडचिरोलीत त्याला आणखी एक पदर आहे. हा तेव्हा राज्यातला सर्वांत जास्त हिवतापाचा जिल्हा होता. सिकलसेलही या पट्ट्यात घरोघर माहीत असलेला आजार. पावसाळ्यात ताप आला तर एरवी आशाताई रक्ताचा थेंब घेऊन हिवतापाची तपासणी करते. 2020-21 मध्ये त्याच तापाचा अर्थ बदलला. ताप सांगितला तर घशात काडी घालतील, उचलून नेतील, मेलो तर घरच्यांना तोंडही दिसणार नाही, ही भीती गावोगावी होती. अनेकांनी ताप लपवला. शहरात शिकून आलेल्या मुलांची यात विशेष कोंडी झाली. घरात तेच 'शिकलेले', म्हणून तपासणीला जा, लस घ्या, हे त्यांनीच समजावायचं आणि काही बिघडलं तर बोलही त्यांनाच.

मदतीची व्यवस्था तेव्हा विरळ होती. चंद्रपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झालं, गडचिरोलीला त्यासाठी 2024 उजाडावं लागलं. ऑक्टोबर 2022 पासून मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. ज्या गावात फोन लागतो तिथे ही मोठीच सोय आहे. चारजणांच्या खोलीत किंवा एकाच खोलीच्या घरात तो फोन कुठे जाऊन करायचा, एवढीच अडचण उरते.

पानठेला बंद, खर्रा चालू

या दोन जिल्ह्यांतल्या तरुणांच्या सवयींबद्दल लिहायचं आणि खर्रा टाळायचा, हे शक्य नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना. प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर बराच वेळ घोटायचं, पुडी बांधून खिशात टाकायची आणि दिवसभर चिमटी-चिमटीनं गालात धरायचं. सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी आहे, पण घोटण्याचा आवाज काही थांबलेला नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते आणि धूम्रपान करणारे होते 3.8 टक्के. सिगारेटविरोधी पोस्टर लावून इथे फारसं काही साधत नाही, ते यामुळे.

टाळेबंदीत पानठेले बंद झाले, सार्वजनिक जागी थुंकण्यावर दंड लागला. व्यसन सोडायची ही आयती संधी, असं डॉक्टर म्हणत होते. काहींनी खरोखर सोडलंही. पण खर्र्यानं लवकरच घरातून, मागच्या दारानं, चढ्या भावानं वाट काढली. कॉलेज नाही, खेळ नाही, भरती नाही. पाराखाली बसलेल्या पोरांच्या टोळक्यात एक पुडी पाचजणांत फिरायची. भूक मरते, झोप उडते, वेळ जातो. भरतीची तयारी करणाऱ्यांतही खर्रा दिसतो, कारण पहाटे उठायला तो 'तरतरी' देतो अशी समजूत आहे.

किंमत पुढे मोजावी लागते. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. चार बोटं मावायची तिथे दोन मावेनाशी होतात, तिखट लागलं की आग होते. विशी-बाविशीतल्या मुलांत हे दिसतं. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच सांगितलेलं आहे.

गडचिरोलीत यावर नेटानं काम झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था 1986 पासून जिल्ह्यात आहे. सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 2016 मध्ये दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' सुरू केलं. तिथली रीत उपदेशापेक्षा गावाच्या निर्णयावर भर देते: गावसंघटना, विक्रीबंदीचा ठराव, तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय. पण विद्यार्थी गावात राहत नाही. तो खोली घेऊन तालुक्याला असतो, जिथे ना त्याची ग्रामसभा, ना त्याला ओळखणारी म्हातारी. कॉलेजच्या फाटकापासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा कायदा आहे. फाटकापुढे उभं राहून पाहिलं की तो कितपत पाळला जातो ते कळतं.

ताटातला भात

हे दोन्ही जिल्हे धानाचे. सकाळी भात, संध्याकाळी भात. त्याला गावी जोड असते ती जंगलाची: पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याची भाजी, पाऊस लागला की वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मग वारुळावर उगवणाऱ्या सात्या, नाल्यातले मासे, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, घरची जवसाची चटणी, लाखोळीची डाळ. यांतलं बरंचसं दुकानात नेमानं मिळत नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याचं ताट याच्या नेमकं उलट. 2018 मध्ये आदिवासी विकास विभागानं अनेक वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसे उशिरा येतात, भूक वेळेवर लागते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 'स्वयम्' योजना आहे, तिथेही पैसे खात्यातच जमा होतात. हप्ता लांबला की आधी डाळ कमी होते, मग भाजी. कुकरचा भात, बटाटा, तिखट-मीठ, फार झालं तर अंडं. रात्री उशिरा मॅगी. वाचवलेल्या पैशांतून आधी मोबाइलचा रिचार्ज, मग अभ्यासिकेची फी, मग धावायचे बूट.

टाळेबंदीत घरी परतलेल्या अनेकांच्या ताटात पुन्हा जंगल आलं. त्या दोन वर्षांत बिघडलेल्या सगळ्या गोष्टींच्या यादीत हीच एक बरी गोष्ट होती. ती कॉलेज सुरू होताच संपली.

उघडलेलं कॉलेज, थांबलेली एसटी

20 ऑक्टोबर 2021 ला कॉलेजं सुरू झाली तेव्हा दोन डोस झालेल्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. लस राहिलेल्यांसाठी सरकारनं 25 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर या काळात 'मिशन युवा स्वास्थ्य' राबवून कॉलेजांतच लसीकरण ठेवलं. पण त्याच आठवड्यात एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. जिथे लोकल नाही, शहर बस नाही, सहा आसनी रिक्षाही मोठ्या गावापुरतीच, तिथे एसटी बंद म्हणजे कॉलेज बंद. दीड वर्ष वाट पाहून उघडलेलं दार, आणि तिथवर न्यायला गाडी नाही.

याचा फटका मुलींना जास्त बसला. मुलगा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जातो. मुलीसाठी पाससकट ठरलेल्या वेळेची, ठरलेल्या वाहकाची बस हीच घरच्यांची परवानगी असते. पुन्हा एकदा घरी बसलेल्या मुलीचं लग्न ठरवायला मग कुणाला वेगळं कारण लागत नाही.

भरतीचंही तेच. 2019 ची पोलीस भरती महामारीत रेंगाळली, पुढच्या भरतीची मैदानी चाचणी 2023 च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात कित्येकांचं वय उलटून गेलं, सरकारला वयोमर्यादेत सवलत द्यावी लागली. तारीख नसेल तर पहाटे उठायचं कशासाठी? नोकरीला बांधलेला व्यायाम नोकरीबरोबर थांबतो, हे त्या तीन वर्षांत दिसलं. निवड झालेल्यांचा सराव सरकारी मैदानावर चालू राहतो, बाद झालेल्यांचे बूट खोलीच्या कोपऱ्यात पडतात.

तटावरची सकाळ

चंद्रपूर शहराची तऱ्हा आणखी वेगळी. इथे मैदानं आहेत, जिम आहेत. अडचण हवेची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथं होतं. 2,920 मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र, भोवतीच्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने. उन्हाळ्यात पारा 47-48 च्या घरात. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसातनंतर धावणं म्हणजे स्वतःला इजा करून घेणं. सिकलसेल असलेल्या मुलांसाठी तर ते सरळ धोक्याचं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांचं दुखणं उसळतं.

याच शहरात एक सवय मात्र वेगळ्या रीतीनं लागली. बंडू धोतरे यांच्या 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 पासून गोंडकालीन किल्ल्याची सफाई हाती घेतली. कित्येक किलोमीटरचा तट, बुरुज, झाडोरा, कचरा. रोज सकाळी घमेली-फावडी घेऊन पोरं जात राहिली आणि साफ झालेल्या तटावर मग 'हेरिटेज वॉक' सुरू झाला. कुणी त्यांना कॅलरी मोजायला सांगितलं नव्हतं. काम होतं, सोबत होती, ठरलेली वेळ होती आणि पायाखाली जागा होती.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता योग, खेळ, राष्ट्रीय सेवा योजनेला पदवीत श्रेयांक दिले आहेत. कागदावर ही चांगलीच संधी आहे. पण विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत 21 जूनला योग दिन येतो तेव्हा घरी नांगरणी आणि पऱ्हे टाकायची घाई असते. 10 ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाच्या सुमारास हलकं धान कापणीला येतं. हिवाळी परीक्षांच्या तोंडावर दिवाळी सरते आणि गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्या रात्रभर प्रयोग करत फिरतात. 2020 मध्ये बहुतेक मंडया भरल्याच नव्हत्या, त्यामुळे आता कुणी त्या चुकवत नाही. मोहाच्या पहाटा आणि उन्हाळी परीक्षेचे फॉर्म पुन्हा एकाच महिन्यात. कॉलेजांनी श्रेयांकाचे तास या हंगामांच्या आत बसवले, तालुक्याला एक कुंपण घातलेलं, दिवे असलेलं मैदान मिळालं आणि जेवणाचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला पडला, तर आरोग्याच्या व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्यांचं काम बरंच हलकं होईल. यांतलं मैदान जिल्हा नियोजन समितीच्या हातात आहे, हप्ता आदिवासी विकास विभागाच्या आणि वेळापत्रक विद्यापीठाच्या.